बोनान्झा : एका ओढ्याचा भूगोल

सराफकट्ट्यामागच्या गटारातील माती धुणारा झारेकरी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याची सारी विद्या एका नियमावर उभी आहे. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड, तर वाळू जेमतेम अडीचपट. पाणी खेळवले की वाळू वाहून जाते आणि सोने मागे राहते. आज ज्या ओढ्याविषयी बोलावयाचे आहे, तो निसर्गातला असाच एक झारेकरी होय.

हा बोनान्झा ओढा कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात, युकॉन प्रदेशात, चौसष्टाव्या उत्तर अक्षांशाजवळ आहे. किंग सॉलोमन डोम या घुमटाकार डोंगराच्या उतारावर उगम पावून तो क्लोंडाइक नदीस मिळतो. क्लोंडाइक पुढे डॉसन गावाशी युकॉन नदीत शिरते आणि युकॉनचे पाणी अलास्का ओलांडून बेरिंग समुद्रास जाते. १८९६ च्या ऑगस्टमध्ये या ओढ्यात सोने सापडले. मग सुमारे एक लाख माणसे तिकडे निघाली; निम्मीही पोचली नाहीत.

परंतु सोने येथेच का टिकले? हिमयुगात कॅनडाचा बहुतेक भाग बर्फाखाली होता आणि सरकत्या बर्फाने दऱ्या खरवडून काढल्या. पॅसिफिककडील उंच पर्वतांनी मात्र समुद्राची वाफ अडविली. त्यामुळे हा मुलूख कोरडा राहिला व हिमनद्या येथवर आल्याच नाहीत. डोंगरातील गारेच्या शिरा झिजून सुटलेले सोने लक्षावधी वर्षे पाण्याने धुतले गेले. जुन्या पात्राची पांढुरकी रेती आजही दरीच्या कडेला उंचावर दिसते. ओढा खोल गेला तेव्हा त्यातील काही सोने पुन्हा धुतले जाऊन तळच्या कातळावर बसले.

हिमनदी नव्हती, तरी थंडी होती. जमीन बारमाही गोठलेली. खाणकरी लाकडे पेटवून ती वितळवीत, कातळापर्यंत खणत आणि वसंतात पाणी सुटले की साठविलेली रेती धुवीत. त्यापायी डोंगरावरची झाडी गेली. पुढे तरती खोदयंत्रे आली. त्यांतील एक १९५९ पर्यंत चालले. आता ते ओढ्याकाठी जतन केलेले आहे. पाण्याने युगानुयुगे लावलेले थर साठेक वर्षांत उलथले गेले व दरीत गोट्यांचे ढीग उरले.

क्लोंडाइक हे नाव ‘ट्रोन्डेक’ या स्थानिक शब्दाचा अपभ्रंश आहे. नदीमुखाशी सामन मासे धरण्यासाठी पात्रात खुंट ठोकीत, त्या ठोकण्याच्या दगडावरून तो आला. तेथील ट्रोन्डेक ह्वेचिन लोकांना या गर्दीत आपली मासेमारीची जागा सोडून नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइड येथे जावे लागले. त्यांचा जमिनीवरील हक्क १९९८ च्या करारात मान्य झाला आणि २०२३ साली हा परिसर जागतिक वारसा ठरला. सोन्याने प्रसिद्ध झालेल्या या नदीचे नाव मुळात माशांच्या कामाचे आहे, हे नकाशा वाचणाऱ्याने ध्यानी ठेवावे.