२५ डिसेंबर, दुपारी १२ वाजून २७ मिनिटं

नाताळच्या सुट्टीत पुण्या-नागपूरची भाचरं उज्जैनला येतात. वय तेरा ते अठरा. खेळणी देण्याचं वय गेलेलं असतं, आणि त्यांना हव्या असलेल्या वस्तू आपल्या खिशाला परवडत नाहीत. मुलं चार-पाच असली तर हिशेब आणखी अवघड. अशा वेळी आपण गावातल्या वेधशाळेकडे वळावं. तिथल्या नाडीवलय यंत्राची छोटी प्रतिकृती, म्हणजे एक सूर्यघड्याळ, घरी करता येतं. सगळ्या मुलांचं सामान मिळून शंभर रुपयांच्या आसपास येतं.

आधी यंत्र समजून घेऊ. ही वेधशाळा सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. नाडीवलय म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताला समांतर बसवलेली गोल चकती. तिच्या मध्यातली दांडी ध्रुवाकडे रोखलेली असते. सूर्य २४ तासांत ३६० अंशांचा फेरा घेतो, म्हणजे तासाला १५ अंश. म्हणून चकतीवरच्या तासांच्या खुणा सारख्या अंतरावर येतात आणि गणित सोपं राहतं.

सामान : जुन्या वहीचा जाड पुठ्ठा, पांढरा कागद, डिंक, चिकटपट्टी, कंपासपेटी आणि पनीर टिक्क्याला लावतात तशी बांबूची सरळ काडी. काडी टेबलावर घरंगळवून पाहावी. अडखळली तर ती वाकडी आहे, दुसरी घ्यावी.

चकती : कर्कटक ६ सेंटिमीटर उघडून पुठ्ठ्यावर वर्तुळ काढायचं आणि कापायचं. दोन्ही बाजूंना पांढरा कागद चिकटवायचा. मध्यबिंदूवर आधी टाचणीने, मग काडीच्या टोकाने भोक पाडायचं. एकदम कात्री खुपसली की भोक मोठं होतं आणि काडी डगमगते.

आकडे : एका बाजूला मध्यापासून खाली रेघ ओढून तिथे १२ लिहायचं. मग कोनमापकाने दर १५ अंशांवर एक रेघ. ही बाजू दक्षिणेची. तिच्याकडे पाहताना सकाळचे तास डावीकडे, दुपारनंतरचे उजवीकडे. म्हणजे डावीकडे आडवी रेघ सकाळच्या ६ ची, उजवीकडची संध्याकाळच्या ६ ची.

बहुतेक जण चुकतात ते मागच्या बाजूला. तिथेही आकडे त्याच क्रमाने लिहिले जातात आणि घड्याळ उलटं चालतं. त्यावर साधा उपाय आहे. प्रत्येक रेघेच्या टोकाला टाचणी आरपार टोचायची. समोर जो आकडा, तोच मागे त्याच भोकापाशी लिहायचा.

काडी : चकतीच्या दक्षिण बाजूला काडीची लांबी बरोबर १४ सेंटिमीटर हवी, उत्तरेला ५-६ पुरे. काडीचं खालचं टोक आणि चकतीची कड टेबलावर टेकली, की काडी आपोआप सुमारे २३ अंशांनी कलते. उज्जैनचा अक्षांश तेवढाच आहे. गुण्या लावून काडी चकतीशी सगळीकडून काटकोनात आहे ना ते पाहावं, मग डिंक लावावा.

मूल ज्या गावचं, त्या गावाचं माप घेतलं तर भेट खास त्याची होते. पुण्यासाठी दक्षिणेकडची काडी १८, मुंबईसाठी साडेसतरा, नागपूरसाठी साडेपंधरा सेंटिमीटर. अशी काडी उज्जैनला सकाळ-संध्याकाळ थोडी चुकेल, पण भर दुपारी बाराची सावली बरोबरच पडेल.

दिशा : काडीचं वरचं टोक उत्तरेला. मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नये, जवळ लोखंडी गज असले तर ते फसवतं. आदल्या रात्री, २४ तारखेला, गच्चीवर काडीच्या खालच्या टोकाशी डोळा नेऊन वर पाहायचं. उज्जैनच्या मापाची काडी ध्रुवाकडे रोखलेली दिसली की दिशा जमली.

हिवाळ्यात सावली वरच्या बाजूला शोधू नये. सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला असतो, म्हणून २३ सप्टेंबर ते २१ मार्च या काळात ऊन चकतीच्या दक्षिण बाजूवर पडतं. मूळ यंत्राला दोन तोंडं आहेत ती याच कारणाने.

आता मनगटी घड्याळाशी मेळ. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, उज्जैन पावणेशहात्तरच्या आसपास. फरक पावणेसात अंशांचा, आणि सूर्याला एक अंश सरकायला ४ मिनिटं लागतात. म्हणून उज्जैनचा मध्यान्ह प्रमाणवेळेच्या २७ मिनिटं मागून येतो. पुण्याचा ३५, मुंबईचा ३९, नागपूरचा १४.

याशिवाय एक फरक रोज बदलतो, त्याला कालसमीकरण म्हणतात. पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य कधी घड्याळाच्या पुढे, कधी मागे असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १६ मिनिटं पुढे, फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं मागे. वर्षात चारच दिवस हा फरक जवळजवळ शून्य होतो: १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर.

म्हणून ही भेट नाताळच्या सकाळीच द्यावी. काडी आणि चकती जोडलेली असावी, पण खालच्या पुठ्ठ्यावर पक्की करू नये. ते काम मुलांच्या हातून व्हावं. सोबत चिठ्ठीवर त्यांच्या गावाचे अक्षांश, रेखांश आणि मिनिटं लिहावीत. दुपारी गच्चीवर जाऊन १२ वाजून २७ मिनिटांनी सावली १२ च्या रेघेवर येईपर्यंत पुठ्ठा हलके फिरवायचा आणि चिकटपट्टी लावायची. उज्जैनच्या मापाचं घड्याळ असेल तर २ वाजून २७ मिनिटांनी सावली २ वर दिसली पाहिजे. नसेल तर काडीचा काटकोन पुन्हा तपासावा.

आठवड्याभरात, १ जानेवारीला, तीनेक मिनिटांचा फरक पडलेला असेल. घरी गेलेलं मूल फोन करून विचारेल, "मामा, घड्याळ बिघडलं का?" उत्तर लगेच देऊ नये. रोज दुपारचा फरक वहीत लिहून ठेवायला सांगावं. फेब्रुवारीपर्यंत उत्तर त्याच वहीत त्याला सापडेल.