मोडीत काढण्याआधी कॅबिनेट उघडा

ढाणकीतल्या माझ्या दुकानात जुना कॉम्प्युटर येतो, तो बहुतेक वेळा निकाल लागूनच येतो. ‘हा गेला, आता नवा कोणता घेऊ?’ कापसाचे पैसे नुकतेच हातात आलेले असतात, पोराचं कॉलेज तोंडावर असतं. इथून पार्टसाठी नांदेड जवळ, यवतमाळ लांब. त्यामुळे आहे त्यात काय भागतंय ते आधी पाहायची सवय मला लागली आहे.

‘तारीख मागे जाते, साइट उघडत नाही, म्हणजे व्हायरस शिरलाय.’ हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. एक दादा असाच कॅबिनेट मोटारसायकलला बांधून घेऊन आले. त्याआधी कुणीतरी दोनदा विंडोज टाकून दिलं होतं. चालू केला, तर घड्याळात १ जानेवारी २००९! मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की तारीख मागे पडते. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटरच्या लेखी २००९ साल असेल, तर आजचं प्रमाणपत्र लागूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर अडवतो. सेल बदलला, तारीख लावली, साइट उघडली. विंडोजला हात लावायची गरजच नव्हती, आणि त्या खटाटोपात त्यांच्या पोरीच्या लग्नाचे फोटो गेले. ते मला अजून लागून राहिलंय.

‘जुना झाला की स्लो होणारच’ हेही अर्धवट खरं. प्रोसेसर बैलासारखा वयानं थकत नाही. पंख्यात धूळ अडकली, थर्मल पेस्ट वाळली की तो तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. नवे प्रोग्रॅम जड होत जातात, ते वेगळं. पण खरी अडचण बहुधा मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारणाऱ्या हार्ड डिस्कची असते. तिच्या जागी साटा एसएसडी बसवली की तेच मशीन ओळखू येत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत, म्हणजे डिस्क धरणाऱ्या चौकटीत, जुनी हार्ड डिस्क ठेवता येते. कॅडी ९.५ की १२.७ मिलिमीटरची, ते मोजूनच घ्या.

स्क्रीन काळी आणि नुसते बीप? मदरबोर्ड गेला म्हणून रडू नका. वायर काढा, रॅमची पट्टी उचला, तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, दोन्ही खटके लागेपर्यंत दाबून बसवा. पुष्कळदा एवढ्यानंच काम होतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून ‘आता मशीन बंद पडणार’ अशी भीती पसरली आहे. मशीन चालतं. सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले, म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं मॉड्यूल लागतं, ते बऱ्याच जुन्या बोर्डांत नसतं. अशा मशीनवर मी लिनक्स मिंट टाकतो. मराठी युनिकोड टायपिंग होतं, लिब्रेऑफिस चालतं. अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी मात्र त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर मिळतो का, ते आधी बघावं.

काही जुगाड मी करत नाही आणि कुणाला करूही देत नाही. खटखटणारी हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली तर आत दव धरतं, उरलासुरला डेटाही जातो. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, वायर काढल्यावरही आत विजेचा साठा धरून असतो, तो उघडायचा नाही. फुगलेली लॅपटॉपची बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही. ती जपून काढून घ्यायची. बॅटरी काढूनही बरेच लॅपटॉप नुसत्या अडॅप्टरवर चालतात. माझ्या दुकानातला बिलाचा लॅपटॉप तसाच चालतो.