धान्याच्या कोठीतील अदृश्य वायू

चैत्र-वैशाखात नागपूरकरांच्या घरी वर्षाचा गहू येतो. इतवारीतून किंवा कळमन्याच्या बाजारातून आणलेली पोती उन्हात वाळवून कोठीत भरली जातात आणि मग सोंड्यांची धास्ती सुरू होते. तेव्हा कुणीतरी सुचवितो, ‘एक गोळी टाका, वर्षभर चिंता नाही.’ बोलीत ‘सल्फास’ म्हटली जाणारी ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड.

धातू आणि फॉस्फरस यांच्या संयोगातून फॉस्फाइडे तयार होतात. गॅलियम फॉस्फाइडपासून एलईडी दिवे बनतात, तर इंडियम फॉस्फाइडपासून दूरसंचाराचे लेसर. ॲल्युमिनियम फॉस्फाइडचे मात्र ओलाव्याशी संगत होताच विघटन होते व फॉस्फिन हा अतिविषारी वायू बाहेर पडतो. हवेतील दमटपणाही त्यास पुरतो. ३ ग्रॅमच्या गोळीतून सुमारे १ ग्रॅम वायू निघतो. धान्याच्या गोदामांत प्रशिक्षित माणसे थप्प्यांवर हवाबंद आच्छादन घालून या वायूची धुरी देतात, आणि धोका टळल्याची खात्री केल्यावरच आत शिरतात. आपल्या स्वयंपाकघरात यातले काहीच नसते. कोठीच्या फटीतून वायू शेजारच्या खोलीतही पोहोचतो. म्हणूनच आपल्या देशात या गोळीचा वापर शासकीय यंत्रणा व अधिकृत कीडनियंत्रकांपुरता मर्यादित आहे. ती सुटी मिळते हे आपले दुर्दैव.

लसणासारखा किंवा कुजलेल्या मासळीसारखा वास आल्यास सावध व्हावे. पण वासावर विसंबू नये. शुद्ध फॉस्फिनला वास नसतो आणि उतारवयात घ्राणशक्ती मंदावलेली असते. डोके दुखणे, मळमळ, खोकला, छातीत जखडल्यासारखे वाटणे, विलक्षण थकवा ही लक्षणे आपण पित्तावर किंवा उन्हावर ढकलतो. घरातील दोघा-तिघांना ती एकाच वेळी झाली, तर मात्र कोठी आठवावी.

हा वायू पेशींची प्राणवायू वापरण्याची क्षमताच रोखतो. हृदयाला त्याचा फटका लवकर बसतो. रुग्ण बराच वेळ शुद्धीवर राहून नीट बोलत असतो, त्यामुळे नातेवाईक निर्धास्त राहतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील फवारणीच्या विषबाधेने विदर्भ हादरला होता. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांवर ॲट्रोपिन उपयोगी पडते. फॉस्फिनवर असा कोणताही उतारा नाही. रुग्णालयात रक्तदाब, हृदय व श्वसन सांभाळले जाते, आणि तेथे पोहोचण्यातील विलंब जिवावर बेततो.

तेव्हा रुग्णास तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, १०८ वर संपर्क साधावा, वेष्टन किंवा त्याचे छायाचित्र सोबत न्यावे. गोळी किंवा उंदीर मारण्याची काळसर झिंक फॉस्फाइडची पूड पोटात गेली असल्यास पाणी, मिठाचे पाणी पाजू नये. उलटी काढू नये. पोटातील पाणी व आम्ल यांमुळेच वायू सुटतो, आणि उलटीतून तो सुश्रूषा करणाऱ्यासही बाधतो. घरातील वृद्ध व्यक्ती खिन्न, अबोल झाली असेल, जगणे नको म्हणत असेल, तर अशी विषे घरात मुळीच ठेवू नयेत. तिच्याशी बोलावे, डॉक्टरांना दाखवावे. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सेवा रात्रंदिवस सुरू असते.

दोनच वृद्ध माणसांच्या घरी पोतेभर गहू हवाच कशाला, असे मला नेहमी वाटते. महिन्या-दोन महिन्यांपुरता घ्यावा, कडक वाळवावा, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावा. हवा तर कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा.

जुनी गोळी सापडलीच, तर डबी उघडू नये, नळाखाली धुऊ नये, मोरीत टाकू नये. ती घराबाहेर कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी आणि अधिकृत कीडनियंत्रकास बोलवावे. उरलेल्या करड्या भुकटीतही काही अंश शिल्लक असू शकतो. तिच्यावर पाणी शिंपडू नये.