मिस्त्र्याच्या बिलातील कापलेला एक टक्का

गोदामाची भिंत उभारली, दुकानात नवी लादी बसविली, छपराची डागडुजी केली, की मिस्त्र्याच्या बिलातून शेकडा एक रुपया कापून ठेवावयाचा, ही रीत आपल्या बहुतेक पेढ्यांवर आता रुळली आहे. परंतु तो रुपया मुळात कोणाचा आणि पुढे त्याचे काय होते, याची विचारपूस पेढीवर क्वचितच होते. धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्याने करकायद्यावर लेखणी चालवावी, याचे काहींस नवल वाटेल. तथापि पेडणे आणि डिचोली भागांतील गवंडी, सेंट्रिंगवाले, लादीवाले तांदळाचे पोते न्यावयास आमच्याकडे येतात व विचारतात, "शेठ, हे कापलेले पैसे परत मिळतात म्हणे, खरे काय?" खरे आहे, आणि ते मिळणे वा न मिळणे हे पुष्कळ अंशी आपल्याच हाती आहे.

डिचोलीकडील खाणी २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, तेव्हा आमच्या पाहण्यातील कित्येकांनी थापी हाती धरली. पेडण्यात मोपा विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि त्या अंगाने बांधकामाची कामे वाढली. कालपर्यंत हजेरीपटावर मजुरी घेणारा माणूस आज स्वतःची चार माणसे घेऊन कंत्राट घेतो. मजुरीवर होता तोवर ही कपात त्यास ठाऊक नव्हती. कंत्राटदार होताच ती त्याच्या वाट्यास आली.

१९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४-सी अन्वये व्यक्तीस वा एकत्र कुटुंबास कंत्राटाचे पैसे देताना १ टक्का कापावयाचा असतो. एकच बिल ३०,००० रुपयांहून अधिक असेल, अथवा वर्षाची एकूण रक्कम १ लाखाच्या वर जात असेल, तरच ही कपात होते. भागीदारी पेढी व कंपनी यांना हे बंधन नेहमीचेच. एकट्याच्या मालकीच्या पेढीस मात्र मागील वर्षाची उलाढाल १ कोटीच्या वर असेल तरच. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा अमलात येऊन कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक बदलले, तरी कपातीची ही रीत मोडलेली नाही.

आता परतावा का निघतो ते पाहू. मिस्त्री चिरे, सिमेंट, रेती स्वतः आणतो. कपात होते ती सबंध बिलावर, आणि त्याचा नफा त्यातील लहानसा भाग. समजा, २०२५-२६ या वर्षी त्यास बँकेतून ८ लाख रुपये मिळाले; ८,००० कापले गेले. लहान धंद्यासाठी कलम ४४-एडी आहे. बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा धरावा. प्रत्यक्षात अधिक झाला असेल तर तोच दाखवावा. हिशेबाच्या वह्या ठेवण्याचे बंधन नाही. आमच्या उदाहरणात नफा २ लाख ४० हजार धरू. त्या वर्षी नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत करच नाही, आणि सवलतीमुळे १२ लाखांपर्यंतही तो शून्य होतो. म्हणजे ते ८,००० सर्वच्या सर्व त्याचे. मात्र विवरणपत्र भरून मागितल्यावाचून सरकार ते परत करीत नाही.

येथवर पुणे काय, कोल्हापूर काय, सर्वत्र सारखेच. गोव्यात एक निराळी गाठ आहे. पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे ज्या पतिपत्नींची मालमत्ता समाईक असते, त्यांचे पगाराखेरीजचे उत्पन्न कलम ५-ए अन्वये दोघांच्या नावे निम्मे निम्मे धरावे लागते. हे कलम १९९४ मध्ये घालण्यात आले आणि १ एप्रिल १९६३ पासून लागू मानले गेले. सबब वरील मिस्त्र्याचे १ लाख २० हजार त्याचे, तितकेच त्याच्या पत्नीचे; आणि कापलेल्या करातीलही ४,००० तिच्या वाट्याचे. विवाहापूर्वी निराळा करार केलेल्यांस हे लागू नाही. कोल्हापूरचा मिस्त्री 'सुगम' नावाचा सोपा नमुना भरून मोकळा होतो. समाईक मालमत्तेच्या गोवेकर मिस्त्र्यास तो चालत नाही. त्याने मोठा, तिसऱ्या क्रमांकाचा नमुना घ्यावा व त्यातील पाच-ए ची अनुसूची भरावी. तिच्यात उत्पन्नाची व कपातीची वाटणी दाखविण्याचे रकाने आहेत. पत्नीचे अर्धे परत हवे असतील तर तिचेही पॅन व विवरणपत्र पाहिजे. सीमेपलीकडील कर सल्लागाराकडे घाईने गेलेल्यांचे अर्ज येथेच अडतात, असा आमचा अनुभव आहे.

आणि आता आपली बाजू. आपण रक्कम कापली, पण ती सरकारजमा केली नाही, किंवा तिमाहीचे पत्रक भरले नाही, तर मिस्त्र्याच्या २६-एएस या खात्यात ती दिसतच नाही. पॅनमधील एक अक्षर चुकले तर त्याचे पैसे परक्याच्या नावे जमतात. आमच्या परिचयाच्या एका लादीवाल्याची दोन वर्षांची रक्कम अशीच एका पेढीच्या निष्काळजीपणामुळे अडून राहिली. दुरुस्तीचे पत्रक भरणे हे त्या पेढीचेच काम होते आणि ते त्या गरिबाने तेथे दहा खेपा घातल्यावर झाले. कापलेली रक्कम पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरावी, मार्चची ३० एप्रिलपर्यंत. पत्रकास विलंब झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क बसते, हे आपल्या हिशेबनिसांना ठाऊक असतेच. पत्रकाच्या मुदतीनंतर १५ दिवसांत कपातीचा दाखला मिस्त्र्यास देणे हेही आपले कर्तव्य होय. तो मागेल तेव्हा देऊ, असे म्हणू नये; पुष्कळांना तो मागावयाचा असतो हेच माहीत नसते. पॅन दिले नाही, किंवा आधारशी न जोडल्याने ते निष्क्रिय झाले, तर १ टक्क्याच्या जागी २० टक्के कापावे लागतात. म्हणून बयाणा देण्यापूर्वीच पॅन तपासून घेणे उभयपक्षी हिताचे.

एक गैरसमज येथेच दूर करतो. बांधकाम कामगार कल्याणासाठी बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतात, तो निराळा. तो बांधकाम करविणाऱ्याने द्यावयाचा असतो. मिस्त्र्याच्या परताव्याशी त्याचा संबंध नाही.

विवरणपत्र मुदतीत भरले तर परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळते. मुदत दरवर्षी पाहून घ्यावी, कारण ती पुढे जाते. २०२५ मध्ये ती १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती. चुकल्यास ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. तीही तारीख गेली तर विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. त्यास करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांची मर्यादा आहे, आणि अशा रकमेवर व्याज नाही. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी. पैसे येतात ते पॅनशी जोडून आधी प्रमाणित केलेल्या बँक खात्यातच. तेव्हा पत्नीचे स्वतंत्र खाते नसेल, तर विवरणपत्राआधी ते उघडून घ्यावे.