पाडव्याची मुदत

पहाटे ५.३०

हरभऱ्याची डाळ रात्रीच शिजवून ठेवली होती, म्हणून आज निभावलं. पुरण वाटून सासूबाईंच्या स्वाधीन केलं आणि पिशवी भरायला बसले. नमुना ६ चे कोरे अर्ज भरपूर, नमुना ८ चे त्याहून कमी, नमुना ७ चे मोजकेच. यादीभागाची प्रत, गोंदाची बाटली, स्टॅम्पपॅड, पॉवर बँक. मंगळवार, ९ एप्रिल २०२४. गुढीपाडवा, आणि लोकसभेसाठी आमच्या भागात नाव नोंदवायचा शेवटचा दिवस.

हे दोन्ही एका दिवशी आले, त्यात कुणाची खोडी नाही. शाहूवाडी विधानसभा हातकणंगले लोकसभेत येते. तिथलं मतदान तिसऱ्या टप्प्यात, ७ मेला. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख १९ एप्रिल. ती उलटली की यादीत नाव घालायला कायद्यानं बंदी, आणि आलेल्या अर्जांची यादी हरकतींसाठी सात दिवस लावून ठेवायची असते. म्हणून दहा दिवस आधीच खिडकी बंद होते. १९ तारखेपासून मागं मोजत आलं की चैत्र शुद्ध प्रतिपदा हाताला लागते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि कडवी नदीकाठच्या एका गावाची बीएलओ आहे. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी हे लांबलचक पद नेमणुकीच्या कागदावरच राहतं, गावात मी ‘यादीच्या बाई’. मानधन वर्षाला ६ हजार. पेट्रोल त्यातच.

सकाळी ७.३०

गुढीला साखरेची माळ घातली, कडुलिंबाचं पान चावलं आणि स्कूटी काढली. मलकापुरातून आंबा घाटाच्या दिशेनं निघालं की रस्ता चौपदरीकरणानं उखडलेला. साडी नेसून तो पार करणं हे वेगळंच कसब आहे, त्याचं मानधन कुणी देत नाही.

वाटेत मुंबईच्या पासिंगच्या गाड्या लागल्या. पाडव्याला लागून गावोगावच्या जत्रा, पुढं पौर्णिमेला जोतिबाची चैत्र यात्रा, त्यामुळं एप्रिलात आमचा तालुका भरतो. एरवी निम्म्या घरांना कुलूप किंवा नुसती म्हातारी माणसं. ज्या दिवशी नाव नोंदवायची मुदत संपते त्याच दिवशी ज्यांची नावं नोंदवावीत की नाही हा प्रश्न आहे ती सगळी माणसं गावात हजर. आजचा खरा घोळ तो आहे.

सकाळी ८.१५

शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. पहिली आली ती कॉलेजची पोरं. ह्यांचं काम सोपं. १ एप्रिलला अठरा पूर्ण झालेली असली की झालं. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख होती आणि फेब्रुवारीत जन्मलेल्याला वर्षभर थांबावं लागायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. नव्या नावासाठी नमुना ६, सोबत फोटो, आधारची झेरॉक्स, दहावीचं प्रमाणपत्र. झेरॉक्सचं दुकान आज बंद. दुकानदार गुढीला नैवेद्य दाखवून येतो म्हणाला आणि खरंच आला.

सकाळी ९.४५

वाडीत एका घरी नवी सून. माहेर वारणेच्या पलीकडं, शिराळा तालुक्यात, म्हणजे सांगली जिल्ह्यात. नाव तिकडच्या यादीत आहे. ते इकडं आणायचं तर नमुना ८. मी तिच्या सासूबाईंना समजावत होते की शिराळाही हातकणंगले लोकसभेतच येतं, तेव्हा खासदार तोच राहील, आमदार तेवढा बदलेल.

“मग कशाला बदलायचं, बाई? मत त्या एकालाच की.”

“मावशी, मत द्यायला तिला ७ मेला शिराळ्याला जावं लागंल.”

“जाऊ दे की, तेवढंच माहेरपण हुईल.”

सून आतून हसली आणि बाहेर येऊन अर्ज भरायला बसली. नात्याच्या रकान्यात वडलांचं नाव राहू द्या म्हणाली. राहू दिलं, चालतं. कोपऱ्यात बसलेली आजेसासू मात्र विचारल्यावरही नवऱ्याचं नाव उच्चारेना. “त्यो काय, भिंतीवर लिवलंय” म्हणून फोटोकडं बोट. देशातल्या पहिल्या निवडणुकीची, १९५१-५२ची, यादी करताना मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढं उलटी अडचण आली होती. असंख्य बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची लेक एवढंच. सेन यांनी तशा नोंदी ठेवायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून गेल्या. तो निर्णय कठोर होता, पण मला पटतो. नावाची सवय त्यामुळंच लागली. आजेसासूबाई स्वतःचं नाव खणखणीत सांगतात.

सकाळी ११

देवळासमोरच्या पारावर पंचांगवाचन संपलं होतं. आता राजकारणाचं वाचन चालू. मी दिसताच गर्दी इकडं वळली.

आमच्याकडं एका मताची किंमत लोकांना शिकवावी लागत नाही. २०१४ च्या विधानसभेला इथं विनय कोरे यांचा सत्यजित पाटील यांनी ३८८ मतांनी पराभव केला होता. एका मोठ्या वाडीएवढी माणसं. त्या ३८८ चा हिशेब पारावर अजून चालतो: कुणाची गाडी पंक्चर झाली, कुठली एसटी चुकली, कोण मुंबईहून आलं आणि कोण आलं नाही. म्हणून इथं यादी पुस्तकासारखी वाचली जाते आणि प्रत्येक गटाला वाटतं की यादीत दुसऱ्याचीच माणसं जास्त आहेत.

एक दादा पुढं आले. मुंबईत हॉटेलात कामाला, मालकाच्या खोलीत आणखी सहाजणांबरोबर झोपतात. बायको, पोरं, रेशनकार्ड, म्हैस सगळं इथं. रोपलावणीला आणि जत्रेला येतात. त्यांचं नाव यादीत कधी नव्हतंच. दुसरे त्यांचेच चुलतभाऊ. विरारला स्वतःचा फ्लॅट, वहिनींची नोकरी तिथं, मुलांची शाळा तिथं. इथं वडिलोपार्जित घर आहे, कुलूप लावलेलं. दोघांनाही आज अर्ज हवा.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ह्याचं उत्तर आहे, कलम २० मध्ये. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरता बाहेरगावी गेला म्हणून त्याचं रहिवासीपण संपत नाही. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी. पहिल्यानं विरारकर बाहेर जातात, दुसऱ्यानं हॉटेलवाले दादा आत येतात. इतकं स्वच्छ उदाहरण वर्षातून एखादंच मिळतं. बाकी सगळी माणसं ह्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत राहतात, आणि त्या फटीत कायदा बीएलओला उभं करतो.

विरारकर चिडले नाहीत, उलट खूश झाले. कारण मी त्यांना सांगितलं, तुमच्याकडचं मतदान २० मेला, पाचव्या टप्प्यात. तिथली मुदत अजून शिल्लक आहे, तिकडं अर्ज करा.

“म्हणजे ७ ला हितं आणि २० ला तिथं? दोन्हीकडं बसतंय की, बाई!”

सगळा पार हसला. मग मी शाळेतल्या आवाजात सांगितलं की एका माणसाचं नाव दोन ठिकाणी ठेवायला कलम १७ ची मनाई आहे आणि अर्जात खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हसू थोडं कमी झालं. थोडंच.

पारावर एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, काका म्हणते मी त्यांना. ते म्हणाले, हा मुंबईवाल्यांचा वाद गोव्यातही झाला होता. खरं आहे. १६ जानेवारी १९६७ ला तिथं जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांनाही मत असावं अशी मागणी विलीनीकरणाच्या विरोधकांची होती, ती मान्य झाली नाही. जे तिथं राहतात त्यांच्याच यादीवर कौल झाला आणि ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. काकांचं म्हणणं, आमदार चुकला तर पाच वर्षांनी बदलता येतो, तसला कौल एकदाच होतो, तिथं तरी बाहेरच्यांना विचारायला हवं होतं. मला उलटं वाटतं. जितका निर्णय कायमचा, तितकं त्याच्यासोबत राहणाऱ्यांनीच तो घ्यावा. आमचं जमलं नाही. काकांनी चहा पाजला.

दुपारी १.३०

तीन घरच्या पोळ्या आणि कटाची आमटी. “सणाचं आलासा, तसंच कसं जाणार?” ह्या वाक्यावर आयोगाच्या हस्तपुस्तिकेत उत्तर नाही.

दुपारी ३

नमुना ७ चं एकच काम होतं आज आणि ते मी दुपारवर ढकललं होतं. नाव वगळायचा अर्ज. काकू साठीच्या, नवरा श्रावणात वारला. मृत्यूचा दाखला त्यांच्या ट्रंकेत आहे, मला माहीत आहे.

“रेशनकार्डावरनं काढलं, सात-बाऱ्यावरनं काढलं, बँकेतनं काढलं. आता ह्यातनं बी?”

लोक म्हणतात मेलेल्यांची नावं यादीत राहतात म्हणजे भ्रष्टाचार. कुठं असेलही. पण माझ्या यादीभागात ती राहतात कारण नाव घालायला माणूस स्वतः येतो आणि काढायला कुणी येत नाही. ना मेलेल्याचं, ना लग्न होऊन गेलेल्या मुलीचं, ना विरारला स्थायिक झालेल्याचं. सगळी धडपड आत यायच्या दारापाशी. बाहेरच्या दाराला कुणी हात लावत नाही, आणि यादी फुगत जाते. मी जबरदस्ती केली नाही. मतदानाच्या दिवशी अनुपस्थित, स्थलांतरित आणि मयत यांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडं असते, त्यात ह्यांचं नाव मी देईन आणि त्या नावावर कुणाला मत टाकता येणार नाही. निघताना काकूंनी विचारलं, “माझं हाय न्हवं?” आहे म्हटलं, ह्यांच्याच खालच्या ओळीत.

संध्याकाळी ४.३०

धनगरवाडा वर सड्यावर. स्कूटी खाली ठेवून चढायचं. जांभा तापलेला. उतारावर गव्याचं शेण होतं, ताजं, म्हणून वाटाड्या पोरानं थोडं थांबायला लावलं.

वाड्यावरच्या एका मुलाला नाव नोंदवायचं होतं. मिशा फुटलेल्या, घरचा कर्ता, बकऱ्या विकायला बाजारला एकटा जातो. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून २००६. आई म्हणते, जन्म शिमग्याच्या आधीचा. पण जन्माची नोंद ग्रामपंचायतीत नाही. ही १ जून आमच्याच जातीची, म्हणजे मास्तरांची देणगी. जून महिन्यात शाळा भरायची, तारीख माहीत नसायची, मग दाखल करणारा शिक्षक वय मोजून १ जून टाकायचा. महाराष्ट्रात निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो त्यामुळं. वर वाड्यांवर ही पद्धत फार उशिरापर्यंत चालली. त्या सोयीच्या तारखेमुळं हा मुलगा १ एप्रिलला कागदावर सतरा वर्षांचा आहे.

त्याचा अर्ज आगाऊ घेता येतो, १ जुलैच्या तारखेसाठी. नाव येईल, पण ७ मे हुकेल. मी तसं सांगितलं. त्यानं विचारलं, “मग विधानसभेला?” तेव्हा होईल म्हटलं. तो म्हणाला, मग तीच महत्त्वाची.

सड्याच्या टोकाला रेंज मिळते. तिथल्या दगडावर बसून दिवसभराचे फोटो अॅपमध्ये चढवले. खाली गावात रेंज नाही, हे पुढं रात्री नडणार होतं.

रात्री ८

घरी. शाहूवाडीला तहसील कचेरीत कागद देऊन आले. पुरणपोळी पुन्हा.

रात्री १०.५०

फोन. पुण्यात कंपनीत ट्रेनी म्हणून लागलेला माझा जुना विद्यार्थी. वसतिगृहात राहतो, सहा महिन्यांचं प्रशिक्षण, मग परत येणार. नाव गावात हवं, तात्पुरता बाहेर आहे, म्हणजे बसतं. ऑनलाइन अर्ज सकाळी भरता आला असता, पण सण होता. आता अडलंय ओटीपीवर. नोंदणीला त्यानं वडलांचा नंबर दिलाय, वडील गावात आणि गावात रेंज नाही.

शेजाऱ्याच्या वायफायवरून वडलांना निरोप गेला. ते बॅटरी घेऊन सड्याच्या वाटेला लागले. पहिला ओटीपी आला तेव्हा त्याची मुदत संपलेली. दुसरा आला तो त्यांनी उलटा वाचला. तिसरा जमला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी संदर्भ क्रमांक आला आणि पोरानं त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. वडील म्हणे वरूनच ओरडून विचारत होते, झालं काय, का अजून एक यायचाय?

रात्री ११.५५

उद्या आजच्या अर्जांची यादी शाळेच्या फलकावर लागेल आणि मी पुन्हा घरोघरी पडताळणीला निघेन. मोबाइल चार्जिंगला लावत होते तेवढ्यात पारावरच्या एकाचा संदेश आला. हॉटेलवाल्या दादांचा अर्ज घेतलासा असं कळलं. हरकत घ्यायला कुठला नमुना लागतो?

नमुना ७, मी लिहिलं. कोरा अर्ज उद्या शाळेत मिळेल.