जुन्या गिटारीचे मोल

बल्लारपूरच्या लाकूड आगारात सागाचे ओंडके लिलावास मांडलेले आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळांनी पाहिले असतील. लांबी व घेर मोजावा, गाठी व पोकळी पाहावी, म्हणजे जाणत्यास किमतीचा अंदाज येतो. परंतु त्याच लाकडाचे वाद्य झाले म्हणजे हे माप अपुरे पडते. समजा, एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी माळ्यावर आजोबांची गिटार पडून आहे, आणि त्याच्या पुढील शिक्षणाच्या खर्चासाठी ती विकावी असा विचार निघाला आहे. भंगारवाला शेदोनशे रुपये देऊ करतो. शेजारी म्हणतात, जुनी वस्तू आहे, लाखाला जाईल. खरे कोणाचे मानावे?

प्रथम हे ध्यानात धरावे की, केवळ जुनेपणास बाजारात किंमत नाही. वाद्य कोणी घडविले, हा पहिला प्रश्न होय. गिटारीच्या तबलीवर जे वाटोळे भोक असते, त्यातून विजेरीचा प्रकाश टाकून आत पाहावे. तेथे पुष्कळदा कारखान्याची चिठ्ठी अथवा क्रमांक सापडतो. अमेरिकेतील मार्टिन हा कारखाना १८३३ साली स्थापन झाला. १८९८ पासून त्याच्या गिटारींवर अनुक्रमांक आहेत, व त्यावरून घडणीचे साल निश्चित करता येते. नाव मात्र अक्षर अक्षर लावून वाचावे. अमेरिकेची 'गिबसन' निराळी आणि कलकत्त्याची 'गिव्हसन' निराळी. दुसरीवर हात बसविलेले वादक आपल्या देशात कमी नाहीत. परंतु दोहींचा बाजार एक नव्हे.

दुसरा प्रश्न लाकडाचा. उत्तम गिटारीची तबली बहुधा स्प्रूस नामक थंड प्रदेशातील सूचिपर्णी वृक्षाची असते. भोकाच्या कडेशी निरखून पाहावे: वरच्या रेषा कडेतून तशाच खाली उतरत असतील तर फळी सलग आहे, पापुद्रे दिसल्यास ती प्लायवूडची समजावी, व किंमत त्या मानाने उतरते. पाठीस पूर्वी ब्राझीलची शिसवी वापरीत. ती दुर्मिळ झाल्यावर १९६९ च्या सुमारास मार्टिनने हिंदुस्थानी शिसवीचा स्वीकार केला. आपल्या रानातील शिसव हा त्याच जातीचा वृक्ष होय! ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक निर्बंध असल्याने तिची गिटार परदेशी विकावयाची झाल्यास परवाना लागतो.

तिसरा प्रश्न प्रकृतीचा, आणि येथे आपले हवामान आडवे येते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कोरड्या हवेने लाकूड आकसते व तबलीस चीर पडते. पावसाळ्यात तेच लाकूड ओलावा पिऊन फुगते व सरसाचे सांधे सुटतात. शिवाय पोलादी तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलो असतो. त्याने दांडी वाकते आणि घोडी उचलली जाते. म्हणून माळ्यावरून काढलेल्या गिटारीच्या तारा लगेच ताणू नयेत. जी तातीच्या तारांसाठी घडविली आहे, तीवर पोलादी तारा तर मुळीच चढवू नयेत.

सर्वांत मोठे नुकसान मात्र ऊन करीत नाही, पाऊस करीत नाही. ते आपली हौस करते. विकण्यापूर्वी वस्तू चकचकीत करावी, या समजुतीने पुष्कळ लोक जुने रोगण खरवडून नवे चढवितात. नामांकित गिटारीचे मोल अशा एका दुपारच्या कामाने मोठ्या प्रमाणात घटते, व ते परत येत नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, इतकेच पुरे. तिची पेटी, पावती, वाजविणाऱ्याचे छायाचित्र, हे सर्व जपावे. वस्तू कोणाच्या हातची, यासही मोल असते. कर्ट कोबेन या अमेरिकन गायकाची १९५९ सालची मार्टिन गिटार जून २०२० मध्ये ६० लाख डॉलरांस गेली, ती काही केवळ लाकडासाठी नव्हे.

शेवटी किंमत ठरविताना, विक्रेते काय मागतात हे न पाहता, तशीच गिटार प्रत्यक्ष किती रुपयांस विकली गेली ते पाहावे. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा. दोन जाणत्यांचे मत घ्यावे. परंतु जो विकत घेणार, त्याच्याच तोंडून किंमत ठरवून घेऊ नये.

इतके करून बहुतेक गिटारी साधारण किमतीच्याच ठरतील. त्यात खिन्न होण्याचे कारण नाही. भंगारवाल्याने फसविले नाही, व शेजाऱ्याच्या लाखाच्या भरवशावर कोणी कर्जही काढले नाही, हा लाभ लहान नव्हे. आणि विकून फी भागत नसेल, तर तारा बदलून ती वाजवावी. आजोबांच्या बोटांनी झिजलेल्या पडद्यांवर नातवाची बोटे फिरू लागली, तर त्या वाद्याची खरी किंमत घरातच वसूल होईल.