एकटाच परदेशी पाहुणा जळगावात उतरतो, तेव्हा पहिल्या दोन दिवसांत तो कुठे कुठे अडकतो?

पहाटेची वेळ. जळगाव स्टेशनच्या बाहेर एक परदेशी मुलगी एकटीच उभी आहे. पाठीवर भलीमोठी सॅक, हातात मोबाईल. भोवती तीन-चार रिक्षावाले आणि ‘वन सेल्फी प्लीज’ म्हणणारी दोन पोरं. जळगावकरांनी असं दृश्य कधी ना कधी पाहिलेलं असतंच.

तिच्यासाठी जळगाव हे पूर्णपणे अनोळखी शहर आहे. भाषा येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत, ओळखीचं कुणी नाही. मग ती इथे येते कशाला? आणि तिचे पहिले दोन दिवस कसे जातात?

जळगावच का?

उत्तर एका शब्दात: अजिंठा. 1819 मध्ये जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथल्या दरीत आला आणि या लेण्यांची बातमी जगभर गेली. 1983 मध्ये युनेस्कोने अजिंठ्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. पण त्या शहरापासून अंतर साधारण 100 किलोमीटर, तर जळगावहून साधारण 60. शिवाय जळगाव मुंबई-हावडा मार्गावर आहे आणि सुरतकडून येणारा रेल्वेमार्गही इथेच मिळतो. त्यामुळे रेल्वेने फिरणारे बरेच बॅकपॅकर जळगावात उतरतात.

पहिली अडचण: ओटीपी

आपल्याला जाणवत नाही, पण आपला निम्मा दिवस ओटीपीवर चालतो. स्टेशनचं मोफत वायफाय, जेवणाची ऑर्डर, तिकिटाचं अ‍ॅप, सगळीकडे भारतीय मोबाईल नंबर लागतो. परदेशी प्रवाशाला सिमकार्डासाठी पासपोर्ट, व्हिसा अशी कागदपत्रं द्यावी लागतात आणि सिम सुरू व्हायला वेळ जातो.

पैशांचंही तेच. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड असतो, पण तिचं परदेशी कार्ड तिथे चालत नाही. परदेशी प्रवाशांसाठी 2023 मध्ये ‘यूपीआय वन वर्ल्ड’ ही वॉलेटची सोय सुरू झाली. ती मोठ्या विमानतळावरच करून घेतली नसेल, तर इथे रोख रकमेला पर्याय नाही. एटीएममधून 500 च्या नोटा निघतात आणि रिक्षावाल्याकडे सुट्टे नसतात.

दुसरी अडचण: खोली

‘परदेशी लोकांना ठेवत नाही’ असं काही लॉजवर सांगितलं जातं. यामागे बहुतेकदा कागदपत्रांची भीती असते. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला, की त्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. वर्षानुवर्षं ही नोंद ‘फॉर्म सी’ या नावाने ओळखली गेली आहे. ज्यांनी ती कधी केलेली नाही, ते सरळ नाही म्हणतात.

हा नियम घरालाही लागू आहे. स्टेशनवर भेटलेल्या परदेशी पाहुण्याला तुम्ही प्रेमाने घरी मुक्कामाला ठेवलंत, तर नोंद करण्याची जबाबदारी तुमची.

तिसरी अडचण: एसटीची पाटी

संभाजीनगरकडे जाणारी एसटी पहूरमार्गे फर्दापूरला जाते. लेण्यांसाठी फर्दापूरजवळच्या फाट्यावर उतरायचं. तिथून पुढचे साधारण 4 किलोमीटर वेगळ्या बसने. आपल्याला हे सोपं वाटतं. पण एसटीची पाटी मराठीत असते आणि वेळापत्रकातले आकडेही अनेकदा देवनागरीत. तिच्या जुन्या गाइडबुकात ‘औरंगाबाद’ लिहिलेलं असतं आणि पाटीवर ‘छत्रपती संभाजीनगर’. शहर एकच आहे, हे तिला कुणीतरी सांगावं लागतं.

त्यात आपण मान डोलावून ‘हो’ म्हणतो, ते तिला ‘नाही’ वाटतं.

आणखी एक फसगत वाराची. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. रविवारी रात्री जळगावात पोहोचलेल्याचा पूर्ण दिवस वाया जातो.

पोटाचं काय?

काळ्या मसाल्याची शेवभाजी पहिल्याच रात्री मागवली, तर दुसरा दिवस खोलीतच जाऊ शकतो. परदेशात फिरणाऱ्यांना डॉक्टर साधारण एकच सल्ला देतात: गरम शिजवलेलं खा, सीलबंद पाणी प्या आणि फळं स्वतः सोलून खा. इथे जळगाव भलतंच सोयीचं. केळी दारोदार मिळतात, त्यातही जळगावच्या केळीला जीआय मानांकन आहे. सोबत वरण-भात. भरीत-भाकरी तिसऱ्या दिवशी.

आणि ऊन! एप्रिल-मे महिन्यांत खान्देशचा पारा 40 च्या वर जातो. लेण्यांची चढण तेव्हा सकाळीच उरकलेली बरी.

मग धुळे कुठे येतं?

अजिंठा पाहून काही जण रस्त्याने मांडू-इंदूरकडे किंवा गुजरातकडे निघतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना मिळतात, त्यामुळे गाडी बदलायला धुळ्याचं बसस्थानक गाठावं लागतं. नकाशावर धुळ्याला रेल्वे दिसते, पण ती चाळीसगावहून आलेली शाखा आहे. भुसावळ-मुंबई मुख्य मार्गावरच्या बहुतेक गाड्या धुळ्याला येत नाहीत. हे माहीत नसलं, की प्रवासाचं गणित चुकतं.

आपण काय करू शकतो?

फार काही लागत नाही. एसटीचा फलाट दाखवा. कंडक्टरला ‘यांना अजिंठा फाट्यावर उतरवा’ एवढं सांगा. रिक्षाचं योग्य भाडं कागदावर आकड्यात लिहून द्या. अडचण आली तर 112 हा आपत्कालीन नंबर आणि 1363 ही पर्यटकांसाठीची हेल्पलाइन सांगून ठेवा. 1363 वर काही परदेशी भाषांमध्येही मदत मिळते.

सगळ्यात महत्त्वाचं मोबाईलबद्दल. फोटो काढण्याआधी विचारा आणि ती ‘नो’ म्हणाली तर विषय संपला. तिने होकार दिला, तरी ‘आत्ता अमुक लॉजवर एक फॉरेनर उतरली आहे’ अशी रील किंवा स्टोरी टाकू नका. आपल्यासाठी ती कौतुकाची पोस्ट असते. पण एक बाई अनोळखी शहरात एकटी आहे आणि रात्री कुठे झोपणार आहे, हा तिचा पत्ता आपण हजारो लोकांना देत असतो. टाकायचंच असेल, तर ती गाव सोडून गेल्यावर, तिला विचारून टाका.

उद्या तुमच्याच घरातली लेक बँकॉकच्या स्टेशनवर सॅक घेऊन उभी असेल. थाई पाट्या तिला वाचता येणार नाहीत. त्या वेळी तिला कसं कुणी भेटावं असं वाटतं, तसंच आपण जळगाव स्टेशनबाहेर वागायचं.